स्पाच्या शर्यतीला जायचंय? आधी बूट दाखवा

"ताई, स्पाला जायचंय. स्टँडचं तिकीट घेऊ की साधं?"

दर वर्षी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचा कुणी ना कुणी मराठी पोरगा मला हे विचारतो. मी मूळची कोल्हापूरकडची, इथं येऊन बरीच वर्षं झाली आणि २०२१ पासून बेल्जियन ग्रां प्रीची, म्हणजे स्पाच्या फॉर्म्युला वन मोटारशर्यतीची, एकही वारी चुकवलेली नाही. त्यामुळं माझं उत्तर ठरलेलं आहे. तिकिटाचं नंतर बघू, आधी सांग, तुझ्याकडं बूट कुठले आहेत?

स्पा-फ्रँकोर्शाँ म्हणजे स्टेडियम नव्हे, तो डोंगर आहे. आर्देनच्या जंगलातून चढत-उतरत जाणारा ७.००४ किलोमीटरचा ट्रॅक, फॉर्म्युला वनच्या आजच्या सगळ्या ट्रॅकांत लांब. सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची जागा यांत साधारण १०० मीटर उंचीचा फरक. १९२१ साली फ्रँकोर्शाँ, माल्मेदी आणि स्टाव्हलो या गावांमधल्या रहदारीच्या रस्त्यांवरच तो आखला होता, तेव्हा जवळजवळ १५ किलोमीटरचा होता. १९७९ मध्ये तो कापून निम्मा केला, पण डोंगर काही कापता आला नाही. टीव्हीवर हा चढ दिसतच नाही. कॅमेरा सगळं सपाट करून टाकतो. आंबा घाटाचा फोटो बघणं आणि एसटीच्या खिडकीत बसून तो घाट उतरणं यांत जेवढा फरक, तेवढाच इथं आहे.

म्हणून माझं पहिलं आणि थोडं हट्टी मत असं: कोण जिंकलं हे बघायला स्पाला जाऊ नका. ते घरच्या सोफ्यावरून चांगलं कळतं. टीव्हीत मावत नाही ते बघायला जायचं, आणि ते एका खुर्चीला चिकटून बघता येत नाही.

तिकीट

म्हणून ब्राँझ. हे इथलं सर्वांत स्वस्त तिकीट. खुर्ची नाही, पण जंगलातल्या पायवाटांनी हिंडायची मुभा. केमेलच्या सरळ रस्त्यालगतचा उतार, ले कोंब आणि पुओं ही वळणं, असं फिरत राहायचं. तीन दिवसांचं तिकीट असेल तर ट्रॅकच्या बऱ्याचशा भागाला पायी वळसा घालून होतो. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं, तेही चिखलात. बुटांचा प्रश्न म्हणूनच पहिला.

घरची वडील मंडळी बरोबर असतील तर मात्र बसायची जागा घ्या, असं मी सगळ्यांना सांगते. २०२४ ला बाबा आले होते, त्यांनाही सांगितलं. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे. मला म्हणाले, "बसायला आलोय व्हय मी?" शेवटी एक घडीची खुर्ची घेतली. तीन दिवस ती मीच वाहिली आणि शेवटी मीच वापरली.

नियोजन करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २०२५ च्या सुरुवातीला झालेल्या करारानुसार २०२६, २०२७, २०२९ आणि २०३१ या वर्षी इथं शर्यत आहे, २०२८ आणि २०३० ला नाही. इतक्या जुन्या ट्रॅकला एकाआड एक वर्ष आत-बाहेर करायला लावतात याचा मला राग येतो, पण माझ्या रागाला विचारतंय कोण. तुम्ही आपलं लवकर उरकून घ्या.

पोचायचं कसं

भारतातून थेट येणाऱ्यांनी ब्रसेल्सला उतरावं. तिथून रेल्वेनं लिएज, साधारण तासाभराचा प्रवास, पुढं गाडी बदलून व्हेर्व्हिए आणि तिथून ट्रॅकपर्यंत शर्यतीच्या दिवसांतली शटल बस. लिएजचं गिमें स्टेशन सँतियागो कालात्राव्हानं बांधलेलं आहे. पांढऱ्या कमानींचं छत बघायला एक गाडी सोडावी लागली तरी सोडा. राहायची सोय लिएज किंवा व्हेर्व्हिएला बघा. स्पा गावात त्या तीन दिवसांत खोली मिळणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात मठ रिकामा सापडण्यासारखं.

आम्ही आइंडहोवनवाले गाडीनं जातो. मास्त्रिख्त, लिएज, मग व्हेर्व्हिएकडून वर. पार्किंग म्हणजे शेतकऱ्यांची कुरणं. एका वर्षी मी मोठ्या हुशारीनं ट्रॅकच्या जवळची म्हणून कुरणातली अगदी खालची जागा पकडली. दिवसभर पाऊस. संध्याकाळी चाकं जागच्या जागी फिरायला लागली, मागं ढकलणारा माझा नवरा चिखलानं माखून निघाला, आणि शेवटी त्या शेताच्या मालकानंच ट्रॅक्टर लावून आम्हाला ओढून काढलं. तेव्हापासून माझा नियम: गाडी रस्त्यालगत, चढाच्या वरच्या अंगाला, तोंड बाहेरच्या दिशेला. वीस मिनिटं जास्त चालावं लागलं तरी चालेल.

शुक्रवार

लोक रविवारचं तिकीट काढतात आणि सरावाचा शुक्रवार सोडतात. मला विचाराल तर उलटं करा. पैसे एकाच दिवसाचे असतील तर शुक्रवारचे घाला. गर्दी कमी, कुंपणाजवळ जागा, आणि गाड्या तासभर आलटून-पालटून येत राहतात.

सकाळी सरळ पुओं गाठा. उतारावरून येणारं हे दुहेरी डावं वळण. गाडी आधी ऐकू येते, मग झाडांमागून दिसते आणि दिसली म्हणेपर्यंत वळणात शिरलेली असते. पहिली दहा मिनिटं काहीच कळत नाही, नुसतं आ वासून बघायचं. मग एक संघ निवडायचा. एकाच संघाच्या दोन गाड्या, यंत्र सारखं, फक्त माणूस वेगळा. पहिला कुठं पाय उचलतो? आवाज क्षणभर पडतो ते ऐका. दुसरा तिथंच उचलतो की दोन-तीन मीटर पुढं? आतल्या कडेच्या रंगीत पट्टीला चाक लागतं का? बाहेर पडताना गाडीचं शेपूट हलतं का, आणि हललं तर स्टिअरिंगवरचे हात एकदाच फिरतात की दोनदा? चार-पाच फेऱ्या असं बघितलं की दोघांतला कोण गाडीवर विश्वास ठेवून आहे आणि कोण नाही, हे घड्याळाआधी तुम्हाला कळायला लागतं.

हे बघणं मला बाबांनी शिकवलं, फॉर्म्युला वनमधलं त्यांना ओ की ठो कळत नसताना. लहानपणी ते मला बैलगाडी शर्यतीच्या मैदानाला न्यायचे आणि शेवटच्या रेषेपाशी कधीच उभे राहायचे नाहीत. "जिंकला कोण ते कुणीबी सांगंल. गाडी कुठं हलती ते बघ." २०२४ च्या शुक्रवारी पुओंला उभं राहून तासाभरानं त्यांनी बोट दाखवलं, "त्यो पिवळ्या टोपीवाला भितोय बघ हितं." दुपारच्या वेळांची यादी आली तेव्हा तो पिवळ्या हेल्मेटवाला आपल्या जोडीदाराच्या मागं होता.

वेळांच्या यादीवर मात्र शुक्रवारी फार विसंबू नका. कुणाच्या टाकीत किती इंधन आहे ते आपल्याला दिसत नाही. सुरुवातीला सगळे हलक्या गाडीनं एखादी वेगवान फेरी मारतात, शेवटच्या वीसेक मिनिटांत जड टाकी घेऊन सलग फेऱ्या मारतात. त्या कंटाळवाण्या दिसणाऱ्या सलग फेऱ्यांतच रविवार लपलेला असतो. टायरच्या कडेचा रंग बघायची सवय लावून घ्या: लाल मऊ, पिवळा मध्यम, पांढरा कठीण, हिरवा ओलसर रस्त्याचा, निळा मुसळधार पावसाचा.

आणि मागचा पंख बघा. स्पाची खरी मेख तिथं आहे. ट्रॅकच्या पहिल्या आणि शेवटच्या भागात लांबलचक सरळ रस्ते, तिथं पंख जितका छोटा तितकं बरं. मधला भाग सगळा वळणांचा, तिथं गाडी रस्त्याला दाबून धरायला मोठा पंख हवा. दोन्ही एकदम पूर्णपणे मिळत नाही. त्यात पाऊस येणार असेल तर मोठा पंख लावणारा शहाणा ठरतो, नाही आला तर सरळ रस्त्यावर त्याला लहान पोरंसुद्धा मागं टाकतात. हा जुगार शुक्रवारी तुमच्या डोळ्यांदेखत चालतो.

म्हणूनच स्प्रिंटवाला वीकेंड मला आवडत नाही. २०२५ ला इथं स्प्रिंट होती. सरावाचं एकच सत्र, लगेच स्प्रिंटची पात्रता फेरी, आणि शनिवारी १५ फेऱ्यांची छोटी शर्यत. ती मॅक्स व्हर्स्टापननं जिंकली, छान झालं, पण माझा शुक्रवार गेला तो गेलाच. नवरा म्हणतो, पावसाच्या गावात जितकी जास्त सत्रं अर्थाची तितके तिकिटाचे पैसे सुरक्षित. त्याचं अगदीच चुकीचं नाही. तरीही.

शनिवार, आणि पावसाबद्दल

शनिवारी सकाळी लवकर ओ रूज आणि रेदियोंच्या बाजूला जा. इंग्रजी समालोचकांच्या तोंडून दोन्ही मिळून 'ओ रूज'च ऐकू येतं, पण ओ रूज हे खालचं डावं वळण आणि रेदियों ही त्यापुढची उजवी-डावी चढण. ओ रूज म्हणजे तांबडं पाणी. ट्रॅकखालून वाहणाऱ्या ओढ्याचं हे नाव, पाण्यातल्या लोहामुळं त्याला तो रंग येतो. चढाच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितलंत की एकच गोष्ट लक्षात येते. वरचा माथा खालून दिसत नाही. चालकालाही दिसत नाही. तो गाडी आभाळाच्या दिशेनं सोडतो आणि पलीकडं रस्ता असणार हे धरून चालतो.

आणि पलीकडं एखादी गाडी आडवी उभी असेल तर? ३१ ऑगस्ट २०१९ ला फॉर्म्युला टूच्या, म्हणजे वनच्या खालच्या पायरीच्या, शर्यतीत इथंच अँत्वान युबेरचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी शार्ल लक्लेर आपली पहिली ग्रां प्री जिंकला आणि त्यानं ती बालपणीच्या या मित्राला अर्पण केली. २०२२ च्या आधी इथं बाहेरची मोकळी जागा वाढवली, खडी टाकली. तरी जुलै २०२३ मध्ये केमेलवर पावसातल्या एका ज्युनियर शर्यतीत अठरा वर्षांचा डिलानो व्हान्ट हॉफ गेला. पुढच्या गाडीनं उडवलेल्या पाण्याच्या भिंतीत मागच्याला काहीच दिसत नाही. पूर्ण पावसाचा एक टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो, असं टायर पुरवणारी पिरेली सांगते. सगळ्या गाड्यांचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणून २०२५ च्या रविवारी पावसामुळं शर्यत सुमारे ऐंशी मिनिटं थांबवली तेव्हा आजूबाजूचे नारिंगी टीशर्टवाले डच ओरडत होते, मी नाही ओरडले. व्हर्स्टापनही नंतर म्हणाला की लवकर सुरू करायला हवं होतं. त्याचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा, पण रेदियोंच्या पायथ्याशी एकदा उभं राहिलेल्या माणसाला घड्याळाची घाई उरत नाही.

२०२१ ची गोष्ट मात्र वेगळी. ती माझी पहिली वारी. तीन तासांहून जास्त वेळ पावसात उभं राहून आम्हाला काय मिळालं, तर पुढं हळू चालणाऱ्या सेफ्टी कारमागून निघालेली गाड्यांची वरात. व्हर्स्टापन पहिला, रसेल दुसरा, हॅमिल्टन तिसरा, गुण अर्धे, म्हणजे विजेत्याला साडेबारा. एकानेही कुणाला मागं टाकलं नव्हतं. न चालवणं बरोबरच होतं, पण न झालेल्या शर्यतीचे गुण वाटणं मला आजही पटलेलं नाही. पुढच्या वर्षी नियम बदलला: सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्याशिवाय गुण नाहीत.

त्या दिवशी शिकलेलं सांगते. छत्री नको, मागच्याला दिसत नाही आणि वाऱ्यानं ती उलटी होते. पाठीवरच्या पिशवीसकट अंगावर येईल असा मोठा रेनकोट घ्या. लोकरीचे मोजे, आणि मोज्यांवरून प्लॅस्टिकची पिशवी घालून मग बूट. ही आमची शाळेतली पावसाळी युक्ती, इथल्या महागड्या वॉटरप्रूफ बुटांपेक्षा भरवशाची. रात्री बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा. मोबाइलवरच्या हवामानाच्या अंदाजावर जाऊ नका. सात किलोमीटरच्या ट्रॅकवर ला सूर्सच्या वळणाला ऊन आणि स्टाव्हलोला सर, हे मी स्वतः बघितलंय.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी असाल तर बटाट्याचे फ्रीट घेण्याआधी तेल विचारा, बेल्जियममध्ये ते परंपरेनं गाईच्या चरबीत तळतात. लिएजचं वाफल, आत साखरेचे खडे असलेलं, अंडं चालत असेल तर बिनधास्त खा. बाकी माझ्या पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असते. पावसात भिजलेल्या एका बेल्जियन आजोबांनी माझ्याकडून दोन धपाटे खाल्ले आणि बदल्यात शर्यत संपेपर्यंत त्यांचा रेडिओ माझ्या कानाजवळ धरला.

रविवार

रविवारी ले कोंब. केमेलचा सरळ रस्ता जिथं संपतो आणि सगळ्यांना ब्रेक लावावाच लागतो ती जागा. इथंच २००० साली मिका हक्किनेननं रिकार्डो झोंटाच्या एका बाजूनं शूमाखर आणि दुसऱ्या बाजूनं आपण, असं जाऊन शूमाखरला मागं टाकलं होतं. २०२५ ला पियास्ट्रीनं आपल्याच संघातल्या नॉरिसला मागं टाकलं तेही सेफ्टी कार बाजूला झाल्यावरच्या पहिल्याच फेरीत, याच रस्त्यावर. पण उभं राहताना समोर मोठा पडदा दिसतोय का ते आधी बघा. एक फेरी पावणेदोन मिनिटांची आणि फेऱ्या ४४. म्हणजे प्रत्येक गाडी तुम्हाला ४४ वेळा दिसणार, दर वेळी काही सेकंद. पडदा नसेल तर दहाव्या फेरीनंतर कोण कितवा हेच समजत नाही. फोनचं नेटवर्क त्या गर्दीत रांगत असतं.

मुख्य शर्यतीआधीच्या फॉर्म्युला टू आणि पोर्शेच्या शर्यती चुकवू नका. २०२०, २०२२ आणि २०२३ या वर्षी आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला इथं फॉर्म्युला टूमध्ये चालवायचा. पोर्शेचा आवाज तर फॉर्म्युला वनच्या आजच्या गाड्यांपेक्षा जास्त घुमतो. कानात बोळे असू द्या, लहान मुलं असतील तर कानावर मोठं कव्हरच.

घरूनच बघणार असाल तर इथली दुपारी तीनची सुरुवात म्हणजे आपल्याकडं संध्याकाळचे साडेसहा, चहाची वेळ. मी स्वतः स्पाच्या प्रेमात पडले ती पुण्यातल्या हॉस्टेलच्या टीव्हीसमोर, २००९ साली. फोर्स इंडियाच्या फिसिकेलानं इथं पोल मारला, म्हणजे सगळ्यांत पुढून निघायची जागा मिळवली, आणि शर्यतीत रायकोनेनच्या मागं एक सेकंदही न सोडता दुसरा आला. तोवर त्या संघाच्या खात्यात एकही गुण नव्हता. मेसच्या मावशींना मी त्या रात्री पेढे आणून दिले. कशाचे म्हणून त्यांना अजून कळलेलं नसणार.

शर्यत संपली की लगेच पळू नका. सगळे एकदम निघतात आणि कुरणातल्या रांगा तासन्तास हलत नाहीत. गवतावर बसा, उरलेला डबा संपवा.

२०२४ ला आम्ही तसंच केलं. एकच टायरबदल करून जॉर्ज रसेल जिंकला होता, मागं हॅमिल्टन अर्ध्या सेकंदावर. बाबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सावकाश गाडीपाशी आलो, तरी रांग होतीच. संध्याकाळी त्या रांगेत नवऱ्याच्या फोनवर बातमी आली: रसेल बाद. वजनकाट्यावर गाडी ७९६.५ किलो भरली, तेव्हा लागायचे ७९८. विजय हॅमिल्टनचा.

बाबांनी जन्मभर कारखान्याला ऊस घातलाय. ते मागच्या सीटवर सरसावून बसले.

"किती कमी म्हणालीस?"

"दीड किलो."

"दीड किलोला एवढं?" बाहेर न हलणाऱ्या गाड्यांकडं बघत ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्यो काटा कुठनं आणलाय इचार की जरा."